चादरीच्या पलीकडची

मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत भट्टीवर एकटा माणूस चालायचा, इस्त्रीच्या रुळाशीही एकटा चालायचा; पण घडीच्या खोलीत एकट्या बाईचा काही उपयोग नव्हता. पलंगाची मोठी चादर एकटीनं घडी करून पाहावी, म्हणजे कारण कळेल. एक टोक हनुवटीखाली धरावं तर दुसरं फरशीवर लोळतं, आणि शेवटी हाती येतं त्याला घडी म्हणत नाहीत, बोचकं म्हणतात. म्हणून तिथे दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. प्रत्येकीच्या हातात दोन टोकं. एक झटका, चादरीची लांबलचक लाट, मग दोघी एकमेकींकडे चालत यायच्या. एक आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथे कसला तरी नाच चाललाय आणि वाजंत्री तेवढे पळून गेलेत.

जोडीदारणीला तिथे ‘समोरची’ म्हणत. ‘तुझी समोरची आली नाही का गं आज?’ ‘माझ्या समोरचीला मुलगी झाली.’ लग्नाच्या नवऱ्याचं नाव विसरलं तरी चालेल, पण कुणाची समोरची कोण हे घडीच्या खोलीत प्रत्येकीला ठाऊक असायचं.

टाचणीची समोरची म्हणजे सरकार.

टाचणी हे नाव तिला कामाच्या पहिल्याच सकाळी मिळालं. अंगानं काडी, आणि तोंड उघडलं की टोचणारी. मुकादमानं तिला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, “जेवतेस की नाही गं?”

“का? तुम्ही वाढणार आहात?”

खोलीत हशा पिकला. मुकादमानं शिक्षा म्हणून तिला सगळ्यांत उंच बाईसमोर उभं केलं. ती बाई म्हणजे सरकार. खांदे रुंद, आवाज खणखणीत, चालीत असा रुबाब की नवे डॉक्टर जिन्यात तिला वाट देत आणि मग मागे वळून, ही कोण, म्हणून विचारत. लाँड्रीतल्या बाया तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कामाला लागायच्या, म्हणून ती सरकार.

पहिली चादर धरली तेव्हा ती घसरगुंडीसारखी टाचणीच्या बाजूला उतरली. टाचणी हट्टानं चवड्यांवर उभी राहिली.

“उतर खाली,” सरकार म्हणाली. “दिवसभर अशी राहिलीस तर संध्याकाळी पाय हातात घेऊन घरी जाशील. मी वाकते.”

“रोज वाकाल?”

“रोज कशाला? तू उंच होईपर्यंत.”

टाचणी काही उंच झाली नाही. सरकार मात्र कोपरं पोटाशी घेऊन, गुडघे जरासे मोडून, नोकरी संपेपर्यंत तिच्या उंचीनं चादरी धरत राहिली. ‘वाकाल’चं ‘वाकशील’ कधी झालं, ते दोघींनाही आठवत नव्हतं.

त्या खोलीची एक रीत होती. चादरीवर डाग दिसला, कापड करपलेलं दिसलं, की तिच्या कोपऱ्याला गाठ मारून ती बाजूच्या टोपलीत टाकायची. गाठीची चादर पुन्हा धुवायला जायची. पण गाठ मारली की मुकादम विचारायचा, हे कुणाचं काम? मग कुणीतरी बोलणी खायची. म्हणून बायकांनी आपसात एक दुसरी रीत काढली होती: समोरचीचा डाग आतल्या घडीत. मुकादम टेबलापाशी उभा असताना आपल्या समोरचीकडून काही चुकलं, तर तोंडावरची माशी न हलू देता ते आत घालायचं, वर पांढरी स्वच्छ बाजू आणायची आणि पुढची चादर उचलायची. टाचणीचा मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा जागरणानं पेंगुळलेल्या टाचणीनं एक ओली चादर वाफेच्या नळावर विसरून चांगलीच करपवली होती. मुकादम हातभर अंतरावर होता. सरकारनं त्याला त्याच्या नव्या बुटांबद्दल काहीतरी विचारलं आणि बोलता बोलता तो तपकिरी पट्टा चादरीच्या पोटात नाहीसा केला. टाचणीनं जन्मभर त्याची परतफेड केली. कधी कुणी सरकारबद्दल खोदून विचारलं, तर तिचं उत्तर ठरलेलं: “माझ्या समोरचीचं सगळं ठीक आहे. तुमचं सांगा.”

पुढे इस्पितळानं कपडे बाहेर धुवायला द्यायला सुरुवात केली. रूळ उचलून नेले, भट्टी विझली, बायकांच्या हातात एकेक पुष्पगुच्छ पडला. दोघींची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर होती. सरकारचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, दूरच्या शहरात एक भाचा होता. टाचणीकडे मुलगा, सून, भरलं घर. तरी सुट्टीच्या दिवशी सरकारच्या गच्चीवर कपडे वाळले की टाचणी जाणारच. सरकार एकटी, चादर घडी कोण करणार? मग दोघी गच्चीवर समोरासमोर उभ्या राहायच्या, मागे-पुढे चालायच्या, मुकादमाच्या नकला करायच्या, आणि कोण कुणाशी लपूनछपून बोलायची ते सगळं पुन्हा उगाळायच्या. टाचणीला तो तास आठवडाभर पुरायचा. वाळलेल्या कापडाचा तो वास आला की तिला वाटायचं, आता खालून वाफेची शिट्टी होईल आणि सगळ्या जणी डबे उघडतील.

पहिलं चिन्ह तिला दिसलं ते तिथेच, गच्चीवर.

झटका झाला, लाट झाली, दोघी चालत एकमेकींपाशी आल्या, आणि सरकार थांबली. टोकं हातात धरून नुसती उभी. समोर टाचणीचे दोन्ही हात घ्यायला तयार, आणि सरकार त्या हातांकडे पाहतेय, पाहतेय. तोंडावर असा भाव, की ही बाई आपल्याकडे काय मागतेय?

टाचणीनं टोकं पटकन काढून घेतली. “दे इकडे. ऊन केवढं लागतंय. बस तू जरा.”

त्यानंतर ती रोजच जाऊ लागली. शेगडी बंद करायची, किल्ली धान्याच्या डब्यातून काढून खुंटीला लावायची, तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. बाहेरून पाहणाऱ्याला सरकारचं घर लखलखीत दिसायचं. सून म्हणायची, “आई, तुमची सरकारी नोकरी अजून संपली नाही वाटतं.”

“या नोकरीत निवृत्ती नसते,” टाचणी म्हणायची आणि चप्पल घालायची.

एका पहाटे मात्र घडी जमता जमेना. इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं फोन केला. तो जुना माणूस, दोघींना ओळखणारा. सरकार जुना निळा झगा घालून, केस घट्ट बांधून लाँड्रीच्या दाराशी पाळीवर हजर झाली होती. टाचणी धापा टाकत पोचली तेव्हा सरकार तिला रागावली, “उशीर झाला तुला. मुकादम काय म्हणेल?” टाचणीनं तिला हात धरून घरी आणलं आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. भाच्याला तर मुळीच नाही. तो फोनवर एकदा म्हणाला होता, “मावशीला एकटीनं जमेनासं झालं की मला कळवा. आमच्या इथे वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे.” ती चांगली जागा एका रात्रीच्या प्रवासावर होती.

त्याच सुमारास इस्पितळाच्या निवृत्त कामगारांची बैठक भरली. एक तरुण डॉक्टरीणबाई तिथे बोलायला आल्या. विस्मरणाच्या आजाराचा, अल्झायमरचा अभ्यास त्या करत होत्या. त्यांनी सरळच सांगितलं: आजवर असल्या अभ्यासांत आली ती बहुतेक शिकलेली माणसं. ज्यांना गाडीतून आणून सोडणारं कुणी आहे, ज्यांच्या घरी बायको नाहीतर मुलगा जोडीला येतो, अशी. हातांनी कामं केलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच. “आजार त्या शिकलेल्यांत कसा सुरू होतो ते पाहून आम्ही उपचार ठरवतो, आणि तेच तुम्हाला देतो. तुमच्यात तो कसा सुरू होतो ते आम्हाला नीट माहीतच नाही.”

मागून भट्टीवरचा म्हातारा म्हणाला, “बाई, आम्हाला डोकं होतं हे तरी आधी कुणी कबूल केलं होतं? आता ते बिघडलं म्हणून विचारायला आलात!”

सगळे हसले, डॉक्टरीणबाईही हसल्या. आणि सरकारचा हात वर गेला.

“मी येते.”

“तुला काय धाड भरलीय?” टाचणी कुजबुजली.

“आईला शेवटी खोलीत कडी लावून ठेवायचे,” सरकार तितक्याच हळू म्हणाली. “सगळे म्हणायचे, म्हातारी लहरी आहे. काय होतंय गं तुला, असं कुणी विचारलंच नाही तिला. ही विचारतेय.”

अभ्यासाची जागा कुठली, तर जुनी लाँड्रीच. इस्पितळानं ती रंगवून, मध्ये भिंती घालून डॉक्टरीणबाईंना दिली होती. घडीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि टाचणीनं आधी वर पाहिलं. वाफ जायला केलेल्या उंच खिडक्या तशाच होत्या. छतात दोऱ्यांचे आकडे तसेच, फक्त त्यांना पांढरा रंग दिला होता. फरशीचा मोरीकडे जाणारा उतारही तसाच. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती.

“सोबत जवळचं माणूस लागतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जे रोजचं पाहतं असं. मावशी, तुम्ही यांच्या कोण? बहीण?”

“समोरची.”

“समोरच्या घरात राहता?”

“समोर म्हणजे चादरीच्या पलीकडे,” सरकार म्हणाली. “इथेच उभी असायची. तुमची खुर्ची आहे ना, तिथे.”

डॉक्टरीणबाईंनी उठून खुर्ची जरा बाजूला घेतली, जणू कुणाच्या पायावर आली होती. “नात्याचंच हवं असं नाही,” त्या म्हणाल्या. “ओळखणारं हवं.”

सरकारला दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे शब्द लक्षात ठेवायचे होते, चित्रं ओळखायची होती, घड्याळाचे काटे काढायचे होते. टाचणीसमोर डॉक्टरीणबाई बसल्या.

“या परीक्षा शाळा शिकलेल्यांसाठी बनवल्यात, मावशी. तुम्ही दोघी शाळेत फार गेला नाहीत. त्यामुळे तिकडे गुण कमी पडले तर ते आजारानं की नुसत्या सवय नसण्यानं, हे मला सांगता येणार नाही. म्हणून तुमच्या शब्दावर माझी सगळी भिस्त आहे. त्यांच्यात काही बदल दिसतो?”

डॉक्टरीणबाई टेबलाच्या पलीकडे, हातभर अंतरावर होत्या. मुकादम नेमका तिथेच उभा राहायचा.

“छे,” टाचणी म्हणाली. “माझ्याहून टापटीप आहे ती. घर बघा तिचं, आरसा आहे आरसा.”

“वस्तू हरवतात?”

“तुमच्या नाही हरवत?”

“कुठे वाट चुकल्या कधी?”

पहाटेचा निळा झगा डोळ्यांपुढे आला. टाचणीनं तो आत घातला, वर पांढरी बाजू आणली. “माझ्या समोरचीचं सगळं ठीक आहे,” ती म्हणाली.

परत जाताना सरकारनं विचारलं, “तुला काय काय विचारलं?”

“हेच, तेच. तू ठणठणीत आहेस म्हणून सांगितलं. आता तुला निरोगी माणसांत बसवतील. वर्षाकाठी एकदा यायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. झकास.”

सरकार चालता चालता थांबली. पावाच्या दुकानापुढे लोक येत-जात होते. त्या दिवशी तिचं डोकं चांगलं चाललं होतं. असे दिवस अजून बरेच असायचे.

“घडीत घातलंस मला?”

“मग काय करू? मुकादमाला सांगू?”

“ती मुकादम नाही गं, बये!”

“आज मुकादम नसेल, उद्या होईल. तुझ्या भाच्याला कळलं तर गाडीत घालून नेईल तुला. मग मी रोज कुणाच्या किल्ल्या शोधू?” टाचणीचा आवाज चिरकला. तिला त्याचाच राग आला आणि ती दुकानातल्या पावांकडे बघत राहिली.

सरकारनं तिचं कोपर धरलं. “तू करपवलेली ती चादर आठवते? मी आत घातली होती ती?”

“जन्मात विसरेन का?”

“पुढच्या आठवड्यात एका आजारी माणसाच्या अंगाखाली गेली ती. उलगडली तेव्हा पट्टा फाटून हात जाईल एवढं भोक. परिचारिकेनं आणून मला दाखवली. तुला कधी बोलले नाही. तेव्हा आपण मुकादमाला भ्यायलो, ठीक होतं. तो पगारावर उठायचा. पण डाग जायला हवा असेल तर गाठ मारावी लागते, टाचणे. तू ठीक म्हणालीस तर ही बाई लिहून ठेवील, चादरी घडी करणाऱ्या म्हाताऱ्या अशाच असतात, ठीक असतात. मग माझ्यामागून जी येईल, तिलाही लहरीच म्हणतील.”

टाचणी चालायला लागली, पण सरकारनं कोपर सोडलं नाही.

“मला गाठ मार,” सरकार म्हणाली. “मला सांगता येतंय तोवर सांगते. उद्या मी हे बोलले होते हेही विसरेन. तू विसरू नकोस.”

टाचणीनं त्या आठवड्यात सुनेशी दोनदा विनाकारण भांडण काढलं. दुसऱ्या दिवशी सरकारला खरंच काही आठवत नव्हतं, ती टाचणीला म्हणाली, “कधी जायचंय गं त्या डॉक्टरीणबाईंकडे? तू छान सांग हं माझ्याबद्दल.” आता टाचणीला कुणी जाब विचारणार नव्हतं. गोष्ट आपसूक आत गेली होती, वर पांढरी बाजू आली होती. हेच तिला सहन होईना. तिनं जाऊन पुढच्या आठवड्याची वेळ मागून घेतली.

घडीच्या खोलीत या खेपेला ती बसलीच नाही.

“बाई, मी मागच्या वेळी खोटं बोलले. खरं सांगते, पण तिच्यासमोर सांगेन. आमच्यात समोरचीचं पाठीमागे बोलत नाहीत. आणि आधी हे सांगा, हे तिच्या भाच्याला कळणार का?”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “त्यांनी स्वतः सांगा म्हटल्याशिवाय इथलं बाहेर जात नाही. त्या कुठे राहणार हे मी ठरवत नाही, भाचाही एकटा ठरवू शकत नाही. उलट आजार लवकर कळला तर त्या घरी जास्त दिवस राहतील, अशी व्यवस्था आपण लावू शकतो. दिवसा मदतीला माणूस पाठवता येतं.” मग त्या सरकारकडे वळल्या. “तुम्हाला चालेल, यांनी तुमच्यासमोर सांगितलं तर?”

“ती मागे बोलली असती तर चाललं नसतं,” सरकार म्हणाली.

दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. टाचणी डॉक्टरीणबाईंकडे पाहून बोलू लागली, पण तिला जमेना. मग ती सरकारकडे वळली आणि तिलाच सांगू लागली: “गच्चीवर तू टोकं धरून उभी राहिलीस. मग शेगडी. मग किल्ली धान्यात. मग एकदा मला तुझ्या आईच्या नावानं हाक मारलीस, मी ओ दिली.”

“आणि चहात मीठ?” सरकारनं विचारलं.

“तेच सांगणार होते. मध्ये बोलू नकोस.”

“प्यायलीस?”

“कपभर. तू समोर बसली होतीस ना.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मग टाचणीनं पहाटेचं सांगितलं: निळा झगा, फाटक, पाळी. ते सांगताना ती खाली फरशीकडे बघत होती, जिथून पाणी मोरीकडे वाहायचं. सरकार सगळं ऐकत होती, मान जराशी कलती करून, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी. शेवटी म्हणाली, “वेळेवर गेले होते ना पण?”

“वेळेच्या आधी,” टाचणी म्हणाली. “उशीर मला झाला.”

सरकार त्या अभ्यासात आली ती आजार सुरू झालेल्यांत. पुढच्या तपासण्या ठरल्या, दिवसा थोडा वेळ मदतनीस बाई यायला लागली. टाचणीनं पहिल्याच दिवशी तिला शेगडीपासून खुंटीपर्यंत सगळं दाखवलं आणि काहीच नीट करत नाही म्हणून सुनेजवळ तक्रार केली. पुढच्या बैठकीत भट्टीवरचा म्हाताराही आपल्या मुलीला घेऊन डॉक्टरीणबाईंना भेटला. डोक्याबद्दलचा विनोद मात्र त्यानं पुन्हा केला.

त्या सुट्टीच्या दिवशी गच्चीवर चांगलं ऊन होतं. मोठी चादर कडक वाळली होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सरकारनं नेहमीसारखे गुडघे मोडले, कोपरं पोटाशी घेतली. ते अजून तिच्या अंगात होतं. झटका झाला. लाट झाली. दोघी चालत एकमेकींपाशी आल्या, आणि सरकार थांबली.

टाचणीचे हात पुढे झाले. एरवी तिनं टोकं कधीच काढून घेतली असती, उन्हाचं निमित्त सांगितलं असतं. आज तिनं हात तसेच पसरलेले ठेवले आणि वाट पाहिली.

सरकारनं टोकांकडे पाहिलं. मग त्या हातांकडे. मग वर, टाचणीच्या तोंडाकडे.

“पुढे काय गं?” तिनं विचारलं.

“आता मला दे,” टाचणी म्हणाली. “मग वाक आणि खालची घडी उचल.”

सरकारनं टोकं दिली, आणि वाकली.